टेन्शिओमीटर: फळबागेतला १४ महिन्यांचा अनुभव, सेंद्रिय कर्बाच्या अंगाने

टेन्शिओमीटर म्हणजे सच्छिद्र टोकाची, पाण्याने भरलेली बंद नळी; माती पाणी किती जोराने ओढते ते तिच्यावरचा काटा दाखवतो. ठिबकाखालच्या फळबागेत अशा दोन नळ्या, एक ३० सेंमी आणि दुसरी ६० सेंमी खोल, १४ महिने वापरून झाल्या. पाणी वाचवणारं साधन म्हणून टेन्शिओमीटर घेतला जातो. मातीतल्या कर्बासाठी तो त्याहून जास्त कामाचा आहे.

माती पार वाळू द्यायची आणि मग एकदम भरपूर पाणी सोडायचं, असं वारंवार झालं की ओल लागताच जिवाणू उसळतात आणि सहज कुजणारा कर्ब हवेत जातो. बर्च यांनी १९५८ मध्ये हे मांडलं, त्यावरून त्याला ‘बर्च परिणाम’ म्हणतात. उलट सतत चिखल राहिला तर पांढरी मुळी गुदमरते, म्हणजे मुळांवाटे येणारा कर्ब आटतो. शिवाय विरघळलेला कर्ब नायट्रेटसोबत खाली झिरपतो. वाफसा, म्हणजे ओल आणि हवा दोन्ही असलेली स्थिती, धरून ठेवला की ही दोन्ही नुकसानं टळतात. मात्र वाफशात कुजणंही अखंड चालू असतं. त्यामुळे ५ ते १० सेंमी जाडीचं काडीकचऱ्याचं आच्छादन नसेल तर नुसत्या नेमक्या पाण्याने कर्ब वाढणार नाही.

बसवताना घाई नडते. सच्छिद्र टोक रात्रभर पाण्यात भिजवा, नळीत उकळून गार केलेलं पाणीच भरा आणि बुडबुडे काढा. भोकात त्याच मातीचा पातळ चिखल ओतून टोक घट्ट बसवा. पोकळी राहिली तर काटा हलतच नाही. जागा ड्रिपरपासून साधारण एक वीत, ‘ओल्या कांद्या’च्या, म्हणजे ड्रिपरखाली कांद्याच्या आकारात भिजणाऱ्या मातीच्या आत.

काट्यावरचा आकडा सेंटीबारमध्ये असतो; तो जितका जास्त, तितकी माती कोरडी. हलक्या जमिनीत वरची (३० सेंमीची) नळी २० ते ३० सेंटीबार, मध्यम जमिनीत ३० ते ५० दाखवू लागली की पाणी द्यावं. ६० सेंमीची नळी कायम १० च्या खाली असेल तर पाणी जास्त होतंय. हे फक्त तिच्यामुळेच कळतं, म्हणून एकाच नळीवर भागवू नका.

उणीव एकच, पण मोठी: ८० सेंटीबारच्या आसपास नळीत हवा शिरते आणि काटा शून्यावर येतो. माती ओली आहे असं वाटतं, प्रत्यक्षात ती सुकलेली असते. भारी, भेगाळणाऱ्या जमिनीत हे वारंवार होतं. दर आठवड्याला नळीतल्या पाण्याची पातळी बघावीच लागते.

कर्ब वाढला का, हे एवढ्या महिन्यांत तपासणीत दिसत नाही. १५ सेंमी थरात, मातीची घनता १.३ ग्रॅम प्रति घन सेंमी धरली तर, ०.१ टक्का वाढ म्हणजे हेक्टरी जवळपास २ टन कर्ब. तो जमायला वर्षं लागतात. नमुने ड्रिपरखालचे वेगळे आणि ओळींमधल्या कोरड्या पट्ट्यातले वेगळे घ्या, दर वेळी त्याच हंगामात. पाणी खारं असेल तर ओल्या कांद्याच्या कडेला क्लोराइड साठतं आणि वॉकली-ब्लॅक या कर्ब मोजण्याच्या रासायनिक पद्धतीत कर्बाचा आकडा फुगतो. प्रयोगशाळेला ते आधीच सांगा, म्हणजे सिल्व्हर सल्फेट वापरून तपासणी करता येते.