‘डिस्क्रिमिनेटिंग’पाशी घसरणारा खिशातला कोश

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांशेजारी खिशात मावणारे इंग्रजी–मराठी कोश रचलेले असतात. त्यांतला एक ‘डिस्क्रिमिनेटिंग’ आणि त्याच्या भाईबंद शब्दांवर तपासला. बांधणी घट्ट, छपाई स्वच्छ. अर्थ मात्र ‘भेदभाव करणारा’, आणि पुढच्याच ओळीत ‘डिस्क्रिमिनेटरी’लाही तोच.

ही चूक लहान नाही. डिस्क्रिमिनेटिंग हे कौतुकाचं विशेषण आहे. लक्ष्मी रस्त्यावर पैठणीचा पदर उलटून मागची वीण बघणारं गिऱ्हाईक म्हणजे ‘डिस्क्रिमिनेटिंग बायर’. मराठीत त्याला चोखंदळ म्हणतात. गाण्यातला असेल तर जाणकार. डिस्क्रिमिनेटरी मात्र बहुधा कायदा, नियम, वेतन यांना लागतं : पक्षपाती, भेदभावाचा. हा कोश उघडून जाहिरातीचं भाषांतर केलं, तर ‘चोखंदळ ग्राहकांसाठी’ऐवजी ‘भेदभाव करणाऱ्या ग्राहकांसाठी’ छापून येईल.

दोन्ही शब्दांच्या मुळाशी लॅटिनमधलं ‘वेगळं करणं’ आहे, म्हणून घोळ होतो. आपल्या ‘विवेका’च्या मुळाशीही तेच. दहावीच्या बीजगणितात बी वर्ग वजा ४ एसी या राशीला, म्हणजे डिस्क्रिमिनंटला, ‘विवेचक’ म्हणतात. इतका चांगला धागा हाताशी असताना कोशकारांनी तो सोडावा, याचं वाईट वाटतं.

‘डिस्क्रिमिनेट’ या क्रियापदाच्या नोंदीत शब्दयोगी अव्ययं नाहीत, आणि अर्थ तर त्यांच्यावरच फिरतो. पुढे ‘बिटवीन’ आलं की फरक ओळखणं. ‘अगेन्स्ट’ आलं की भेदभाव. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ मध्ये हा दुसरा अर्थ आहे. ‘डिस्क्रिमिनेटिंग’च्या मागोमाग ‘अगेन्स्ट’ दिसलं, तर तिथेही कौतुक संपलं असं समजावं.

सर्वांत वाईट नोंद ‘इनडिस्क्रिमिनेट’ची : ‘भेदभाव न करणारा’. म्हणजे ‘इनडिस्क्रिमिनेट फायरिंग’मधला गोळीबार सद्गुणी झाला! योग्य शब्द प्रसंगानुसार बदलतात : गोळीबार अंदाधुंद, वृक्षतोड बेसुमार, प्रतिजैविकांचा वापर सरसकट.

स्पेलिंग बघायला कोश चालेल, भाषांतराला नको. दुकानात उभ्याउभ्या डिस्क्रिमिनेटिंग, डिस्क्रिमिनेटरी, इनडिस्क्रिमिनेट हे तीन शब्द काढून बघा. तिन्हींना वेगळे अर्थ आणि निदान एकेक उदाहरणवाक्य असलेला कोश मिळाला, तर थोडा जाड असला तरी तोच घ्या.