‘पॉवर लाइन मोडेम’ म्हणून घेतलेल्या दोन डब्या

आमच्या इमारतीत पंप खाली, टाकी चार मजले वर गच्चीत. टाकीत पाणी किती, एवढंच एका अर्डुइनोने (छोट्या प्रोग्रॅमेबल सर्किट बोर्डाने) दुसऱ्याला दर १० सेकंदांनी सांगायचं. नवी वायर ओढायची तर जिन्यातली भिंत फोडा. लाइटची वायर आहेच की, तिच्यातूनच पाठवू, म्हणून ‘पॉवर लाइन मोडेम’ची जोडी ऑनलाइन मागवली. ३,८०० रुपये. डब्या काळ्या इपॉक्सीने गच्च भरलेल्या.

विक्रेता फोनवर म्हणाला, “सर, फेज कुठलाही असू द्या, चालणारच.” तिथेच माझे कान टवकारायला हवे होते. २३० व्होल्टच्या ५० हर्ट्झवर लाखभर हर्ट्झचा बारीक सिग्नल चढवायचा, असं हे तंत्र. तो एका फेजवरून दुसऱ्यावर भरवशाने जात नाही, मध्ये कपलर, म्हणजे दोन फेजमध्ये सिग्नल पोचवणारा पूल, लावावा लागतो. त्यात एलईडीचे ड्रायव्हर आणि चार्जर त्याच वायरीत कचरा ओततात. घरातले दिवे विजेच्या वायरीतूनच चालू-बंद करणारं जुनं एक्स१० तर व्होल्टेज शून्यावर येतं तेवढा क्षण साधून एका सायकलला एकच बिट पाठवायचं, म्हणजे आपल्या विजेवर सेकंदाला ५०. माझ्या डब्या मात्र घरात कुठल्याही फेजवर बिनबोभाट बोलत होत्या. मी खूश!

गच्चीत नेल्या आणि मुक्या झाल्या. लाइनमध्ये गोंगाट असणार, असं स्वतःलाच समजावत आठ दिवस फिल्टर जोडत बसलो. मग एका गुरुवारी लाइट गेली. एक डबी इन्व्हर्टरवर होती, दुसरी युपीएसवर, आणि युपीएसची पिन मी भिंतीतून काढलेली. दोघींमध्ये एकही तार नाही. तरी आकडे येतच राहिले.

हीटगनने इपॉक्सी मऊ करून खरवडलं. सिग्नल वायरीवर चढवायला लागतो तो कपलिंग ट्रान्सफॉर्मर नाही, पिवळा एक्स२ कपॅसिटर नाही. आत ४३३ मेगाहर्ट्झचं साधं रेडिओ मॉड्यूल आणि स्प्रिंगसारखी अँटेना. चार स्लॅब त्याला कुठून झेपणार? वायरीतून घेतली ती फक्त पोटापुरती वीज, तीही ट्रान्सफॉर्मरशिवाय, म्हणजे डेटा देणाऱ्या सिरियल जोडणीची ग्राउंड पिन थेट २३० व्होल्टच्या मेन्सला. त्याच पिनेला मी लॅपटॉप लावत होतो. नशीब, तो बॅटरीवर होता.

असलं काही घेणार असाल तर एक डबी भिंतीपासून सुटलेल्या युपीएसवर लावून बघा. तरीही बोलली, तर ती वायरीतून बोलत नाहीये.

विक्रेत्याला फोटो पाठवले. “डेटा तर येतो ना सर?” एवढं लिहून त्याने मला ब्लॉक केलं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. टाकी सध्या वॉचमनकाका वाकून बघतात.