घरभत्ता दुबईचा की टोकियोचा? सही करण्याआधीचा हिशेब

माझ्या भाच्याच्या हातात सध्या दोन ऑफर लेटर आहेत. तो नागपुरात मिहानमधल्या एका आयटी कंपनीत आहे, बायको धरमपेठेत शाळेत शिकवते. एक ऑफर दुबईची, एक टोकियोची. दोन्हींत घरभत्त्याचा वेगळा रकाना आहे: दुबईत महिन्याला 5,000 दिरहम, टोकियोत 60,000 येन. रविवारी तर्री-पोहे खाता खाता त्यानं मोबाइलवर दोन्हींचे रुपये केले आणि म्हणाला, "मामा, दुबईच. तिपटीहून जास्त पडून राहिले."

मी दुबईत सहा वर्षं किरायानं राहिलो. धाकटी बहीण नऊ वर्षांपासून टोकियोत आहे. त्याला म्हटलं, बापू, रुपये करणं सोड. घराचा करार कोणाच्या नावावर होणार आणि चावी हातात पडायच्या आधी खिशातून किती जाणार, तेवढं पाह.

आपली सवय नागपूरची. मानेवाड्याला नाही तर त्रिमूर्तीनगरात घर पाहायचं, दोन महिन्यांचं डिपॉझिट, 11 महिन्यांचा करार, मधे ब्रोकर असला तर एक किराया त्याला. पगारातल्या एचआरएचं काम म्हणजे टॅक्स वाचवणं, जुन्या पद्धतीत बेसिकच्या 40 टक्क्यांपर्यंत. परदेशात घरभत्ता या शब्दाचा अर्थच बदलतो.

दुबईत किराया वर्षाचा बोलतात. समजा वर्षाला 60,000 दिरहम, म्हणजे भत्त्यात बरोबर बसणारं घर. पण तो दर महिन्याला थोडाच द्यायचा असतो? पुढच्या तारखा टाकून चेक आधीच द्यावे लागतात. कोणी एक चेक मागतो, कोणी चार, कोणी बारा. चेक जितके कमी तितका घरमालक किराया उतरवायला तयार. चार चेक धरले तर पहिला 15,000 चा. बिनसामानाच्या घराला वर्षाच्या 5 टक्के डिपॉझिट, 3,000. ब्रोकरचे साधारण 5 टक्के, आणखी 3,000. वीज-पाण्याच्या जोडणीसाठी फ्लॅटला 2,000 डिपॉझिट. झाले 23,000. भत्ता पहिल्या पगाराबरोबर येणार 5,000, तोही महिना भरल्यावर. शिवाय किरायाच्या 5 टक्के पालिकेचं शुल्क वीजबिलातून हप्त्याहप्त्यानं कापलं जातं, इथं महिन्याला 250. जाहिरातीत ते कोणी छापत नाही.

आणि हे चेक म्हणजे चेष्टा नाही. मी सही मराठीत करतो. बँकेत खातं उघडताना नावावरची रेघ सरळ ओढली होती, दुसऱ्या चेकवर घाईत ती शेवटच्या अक्षराआधीच थांबली. सही जुळत नाही म्हणून चेक परत. खात्यात पैसे पडलेले, तरी एजंटचा फोन पोलिसांच्या धमकीपासूनच सुरू झाला. तेव्हा चेक न वटणं फौजदारीत जायचं. 2022 पासून खात्यात पैसे कमी असण्याचा साधा प्रकार गुन्ह्यातून बराचसा बाहेर काढला आहे, पण त्या चेकच्या जोरावर घरमालक थेट कोर्टाकडून वसुली करू शकतो. म्हणून नोकरी सुटली तरी पुढचे चेक घरमालकाच्या ड्रॉवरमध्ये असतात, हे ध्यानात ठेवायचं.

टोकियोत चेक नाहीत. किराया दर महिन्याला, बँकेतून. पण दाराशी उभं राहायचेच पैसे फार. 1,20,000 येनचं घर धरू. एक महिन्याचं डिपॉझिट, त्याला शिकिकिन म्हणतात. एक महिन्याचं रेइकिन, म्हणजे घर दिल्याबद्दल मालकाला कृतज्ञतेपोटी द्यायची रक्कम, जी कधीच परत येत नाही. (आपल्याकडे पागडी तरी पागडी म्हणून मागतात.) ब्रोकरला एक महिना अधिक टॅक्स, 1,32,000. जामीन राहणाऱ्या कंपनीला बहुतेक अर्धा महिना, 60,000. वर पहिल्या महिन्याचा किराया. बेरीज 5,52,000. आगीचा विमा आणि कुलूप बदलण्याचा खर्च यात नाही. दोन वर्षांनी करार नवा करताना टोकियोत बऱ्याच ठिकाणी पुन्हा एक किराया नूतनीकरणाचा लागतो.

यातून सुटायची वाट आहे, ती म्हणजे यूआर ही निमसरकारी संस्था. तिच्या घरांना रेइकिन नाही, ब्रोकर नाही, जामीनदार नाही, नूतनीकरणाचे पैसे नाहीत. दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि उत्पन्नाची अट पुरी केली की झालं. एडोगावा वॉर्डातल्या निशी-कसाईला 2000 च्या सुमारास भारतीय आयटीवाले गोळा झाले, त्याला ही घरंही कारण आहेत. माझी बहीणही तिथंच आहे.

परक्याला घर कोण देतो, हाही प्रश्न आहेच. नागपुरात विचारतात, लग्न झालं का, नॉनव्हेज खाता का. दुबईतही काही इमारती "फक्त फॅमिली" म्हणतात, एकट्या पोराला वणवण करावी लागते. पण परदेशी आहे म्हणून तिथं कोणी अडत नाही, कारण राहणाऱ्यांत बहुतेक परदेशीच. टोकियोत नेमकं उलटं. जपानच्या न्याय मंत्रालयानं 2017 मध्ये पाहणी जाहीर केली. त्यात घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी सुमारे 40 टक्क्यांनी परदेशी असल्यामुळे नकार मिळाल्याचं सांगितलं. बहिणीला एका ब्रोकरनं तिच्यासमोर मालकाला फोन लावला, दोन मिनिटं वाकून वाकून बोलला आणि फोन ठेवून नुसता हसला. तिला जपानी येत होतं, म्हणून हसण्याचा अर्थ आधीच कळला होता.

आता ऑफर लेटरमधल्या ज्या ओळीवर कोणी बोट ठेवत नाही, तिच्याकडे येतो.

दुबईत पगारावर आयकर नाही, त्यामुळे भत्ता पूर्ण हातात येतो. पण नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात, पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला 21 दिवसांचं बेसिक. एकूण 13,000 दिरहममध्ये बेसिक 8,000 आणि भत्ता 5,000 असेल तर वर्षाला 5,600 जमतात. बेसिक 10,000 आणि भत्ता 3,000 असेल तर 7,000. पाच वर्षांत 7,000 दिरहमचा फरक, आणि महिन्याची रक्कम तर तीच. भाच्याला वाटत होतं, भत्ता मोठा म्हणजे कंपनी दिलदार.

जपानमध्ये रोख घरभत्ता पगारच धरला जातो. त्यावर आयकर, सामाजिक विमा आणि साधारण दुसऱ्या वर्षापासून रहिवासी कर. हातात 60,000 येत नाहीत. पण कंपनीनं स्वतःच्या नावावर घर घेऊन तुम्हाला राहायला दिलं, ज्याला तिथं शाताकू म्हणतात, तर हिशेब फिरतो. नियमानं ठरणारी एक रक्कम असते, बाजारभावापेक्षा बरीच कमी. तिच्या निम्मा तरी किराया पगारातून कापला, तर उरलेली सवलत करपात्र धरत नाहीत. वरून रेइकिन, जामीन, मालकाचा नकार, ही सगळी डोकेदुखी कंपनीची. नोकरी गेली की घरही जातं, हा त्यातला काटा.

म्हणून माझं मत असं. दुबईत रोख भत्ता घ्यावा, टोकियोत कंपनीचं घर घ्यावं. दुबईत कंपनीच्या क्वार्टरपेक्षा स्वतःच्या नावचा, एजारीत, म्हणजे तिथल्या सरकारी भाडेकरार नोंदणीत, नोंदवलेला करार बरा. बायकोचा व्हिसा काढताना तोच कागद मागतात. घरमालकाला स्वतःसाठी किंवा विकायला घर हवं असेल तर नोटरीमार्फत किंवा रजिस्टर्ड पोस्टानं 12 महिने आधी नोटीस द्यावी लागते, आणि किराया किती वाढवायचा याला 2013 च्या आदेशाची मर्यादा आहे. फक्त कंपनीकडे एकच मागणी लावून धरायची: भत्ता महिन्यानं नको, वर्षाचा आगाऊ द्या आणि पगारातून वळता करा. हे मिळालं नाही तर तो 5,000 चा भत्ता पहिल्या वर्षी तरी कर्ज काढायला लावतो.

घराच्या आतलं थोडं. दुबईची जाहिरात वाचताना "चिलर फ्री" हे शब्द शोधायचे. नसले तर थंड हवेचं बिल वेगळं येतं, आणि नागपूरसारखा वाळ्याचा कुलर लावू म्हणाल तर समुद्राकाठच्या दमट हवेत तो चालतच नाही. टोकियोत बहीण पहिल्या संध्याकाळी घरात शिरली तर छताला बल्ब नव्हता, होल्डरही नव्हता, नुसतं एक पांढरं गोल प्लॅस्टिकचं सॉकेट. दिवे आपले आपण आणायचे असतात. चिवडा तिनं मोबाइलच्या उजेडात खाल्ला. आणि सावजी मसाल्याची फोडणी तिथं खिडकी उघडून, पंखा लावून. सामान्य वापराची झीज मालकाची, असं तिथलं सरकारी मार्गदर्शन सांगतं, पण भिंतीत मुरलेल्या वासावरून डिपॉझिट कापायला बसले की वाद होतातच.

भाच्याच्या बायकोच्या नोकरीचंही पाहावं लागेल. जपानमध्ये डिपेन्डन्ट व्हिसावर परवानगी काढून आठवड्याला 28 तासच काम करता येतं. दुबईत सीबीएसईच्या शाळा भरपूर आहेत. दोन पगार धरले तर पारडं दुबईकडे झुकतं, एकच पगार आणि दोन वर्षांचाच बेत असेल तर मी टोकियोचं शाताकू घेईन.

हे ऐकून भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही तर घाबरवूनच राहिले." पण सोमवारी त्यानं दोन्हीकडे मेल टाकले. टोकियोच्या एचआरचं उत्तर बुधवारीच आलं: कंपनीच्या नावावर घर घेता येईल, पगारातून 45,000 येन कापू, रोख भत्ता मग मिळणार नाही. वर्षाचा भत्ता आगाऊ देणार का, यावर दुबईवाले अजून गप्प आहेत.