पडक्या मालगुजारी वाड्याच्या भिंतींना चुना की सिमेंट?

भाऊ, वाडा नव्याने बांधायचा नाही, आहे तेवढा टिकवायचाय ना, मग ठेकेदार सिमेंटच मारा म्हणतो ते राहू द्या. खर्च अन् वेळ पाहिला तर सिमेंट सोपं. चुन्याला खटाटोप जास्त: आधी पाण्यात मुरवा, दरजा म्हणजे विटांमधल्या फटी भरल्यावर ओलं पोतं टाका, आणि नागपूरच्या मे महिन्यात काम काढूच नका, पाणी उडून चुना भुसभुशीत राहतो. पण टिकायचं म्हणाल तर जुनी वीट नरम, पावसाळ्यात ओल पिते, चुन्यातून ती ओल निघून जाते, सिमेंट कोंडून ठेवतं, मग क्षार विटेतच फुलतात अन् विटेचं तोंड झडतं, हे फार वाईट! चुना नंतर खरवडताही येतो, सिमेंट काढताना वीटच फुटते. जुन्या भिंतींना चुनाच. आवारात वेगळी नवी खोली काढणार असाल तर तिथे सिमेंट चालेल.