बटणं झिजली नाहीत, म्हणूनच बिट गेलं: १६५ मिमी डीटीएच बिट, आठ महिन्यांनंतर

डीटीएच म्हणजे ठोके देणारा हॅमर रॉडच्या टोकाला, बोअरच्या आतच असतो. त्याच्या तोंडाला पोलादी बिट, आणि दगड फोडतात ती बिटावरची कार्बाइडची बटणं. आठव्या महिन्यात काळ्या दगडात, म्हणजे बेसाल्टमध्ये, चालू बोअरला वेग एकदम निम्म्यावर आला. रॉड वर काढले, तर गेजची, म्हणजे बाहेरच्या कडेची, आठही बटणं शाबूत आणि समोरच्या नऊपैकी दोनांचे टवके उडालेले. बाकीची बटणं नव्यासारखी चकचकीत. कॅलिपर लावला तर १६५ चं १६४ सुद्धा झालेलं नाही. बिट झिजून गेलं असतं तर तक्रार नव्हती. न झिजता फुटलं, याचा राग आहे.

विक्रेत्याने फोटो बघून दोन ओळींत वॉरंटी नाकारली: 'हॅमर हवेत चालवला आहे.' म्हणजे बिट तळाला टेकलेलं नसताना ठोके दिले. कोकणात हा आरोप करणं सोपं आहे, कारण जांभ्यात पोकळ्या असतात. बिट अचानक हातभर खाली जातं आणि ऑपरेटरने हवा कमी करेपर्यंत हॅमर रिकामाच ठोकतो. पण त्याने आधी बिटाचा शँक (हॅमरच्या आत जाणारा दांडा), रिटेनर रिंग (बिट धरून ठेवणारी कडी) आणि हॅमरचा चक (बिट बसतं ते तोंड) मार खातात. इथे शँक स्वच्छ, त्यावरच्या उभ्या खाचा (स्प्लाइन) सरळ, रिंग ठणठणीत. बटणांच्या डोक्याचे टवके उडायला कारण दुसरं होतं. ते विक्रेत्याला माहीत नव्हतं, किंवा सांगायचं नव्हतं.

खरं सांगायचं तर पाचव्या महिन्यापर्यंत याच बिटाला पाचपैकी पाच तारे दिले असते. रत्नागिरी, लांजा, राजापूर पट्ट्यात वर जांभा, त्याखाली शाडूसारखी चिकट माती, मग बेसाल्ट. एवढ्या कामानंतरही बटणावर नावाला सुद्धा सपाटी आली नाही. साधं बिट यापेक्षा बरंच स्वस्त होतं, पण बटणं अशी टिकणार असतील तर जास्तीचे पैसे वसूल, असा हिशेब होता. तो हिशेबच चुकला.

बटण म्हणजे काय ते आधी, कारण दुकानात अजून 'टंगस्टन किती टक्के?' एवढंच विचारतात. बटण टंगस्टनचं नसतं. टंगस्टन कार्बाइडचे काही मायक्रोमीटरचे दाणे आणि त्यांना धरून ठेवणारा कोबाल्ट, असा तो माल. भुकटी दाबून साधारण १४०० अंश सेल्सिअसला भाजतात. तेव्हा कोबाल्टयुक्त भाग वितळून दाण्यांमध्ये शिरतो आणि तुकडा आक्रसून घट्ट होतो. कार्ल श्र्योटर याने १९२३ साली बर्लिनमध्ये याचं पेटंट घेतलं. पुढे क्रुपने तो 'विडिया' नावाने विकला, म्हणजे जर्मनमध्ये 'हिऱ्यासारखा'. आपल्याकडे लेथवाले अजून प्रत्येक कार्बाइडला विडियाच म्हणतात.

दगडाच्या बटणात कोबाल्ट साधारण ६ ते १० टक्के. कोबाल्ट वाढवला की बटण चिवट होतं पण लवकर झिजतं. कमी केला की झिजत नाही पण ठिसूळ होतं. दाणा जाड असला तर माल चिवटपणाकडे झुकतो आणि तापणं-निवणंही जास्त सोसतो. त्यामुळे नुसता 'कडकपणा जास्त' ही जाहिरात आमच्या दगडात उलटी पडते.

कारण असं. बेसाल्ट म्हणजे मुख्यतः फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन, त्यात मोकळं क्वार्ट्झ (गारगोटी) जवळजवळ नसतं. कार्बाइडला खरा घासतो तो क्वार्ट्झ. सहा इंची हॅमर मिनिटाला हजाराच्या वर ठोके देतो. प्रत्येक ठोक्याला बटणाची कातडी तापते आणि लगेच हवा-पाण्याने निवते. हे लाखो वेळा झालं की पृष्ठभागावर केसाहून बारीक भेगांचं जाळं पडतं. इंग्रजीत याला सापाची कात म्हणतात आणि दिसतंही अगदी तसंच. क्वार्ट्झवाल्या दगडात ही कातडी भेगा खोल जायच्या आतच घासून निघते. बेसाल्टमध्ये घासत नाही, म्हणून भेगा आत उतरत राहतात आणि एक दिवस टवका उडतो. बटण चकचकीत दिसतं, तेव्हाच ते आतून पिकलेलं असतं.

उपाय आहे, आणि बिटाबरोबरच्या चार पानी पुस्तिकेत त्याचा एक शब्द नाही. माझा एक तारा त्यासाठीच गेला. सगळीकडे सांगतात की बटणावरची सपाटी व्यासाच्या एक तृतीयांश झाली की ग्राइंड करा, म्हणजे १६ मिमी बटणाला ५ मिमीच्या आसपास. बेसाल्टमध्ये सपाटी येतच नाही, म्हणून कोणी ग्राइंड करत नाही. इथे सपाटीची वाट बघायची नाही. बिट धुऊन पूर्ण सुकवायचं, बॅटरी आडवी धरायची आणि १० पटीच्या भिंगातून बघायचं. जाळं दिसलं की डायमंड कपने (हिऱ्याचे कण बसवलेली, बटणावर बसणारी वाटी), पाणी सोडत, कात जाईपर्यंत हलका हात फिरवायचा. गोल आकार जसाच्या तसा ठेवायचा. गेज बटणाला बाहेरच्या अंगाने गरजेपेक्षा जास्त लावायचं नाही, नाहीतर बिटाचा व्यास हकनाक जातो.

गॅरेजमधल्या करड्या चाकावर हे काम होत नाही. ते चाक कार्बाइडला कापत नाही, नुसतं तापवतं. तापलेलं बिट बादलीत बुडवलं की उरलेलं कामही तिथेच पूर्ण होतं. ग्राइंड करताना तोंडाला चांगला मास्क हवा. कोबाल्ट-कार्बाइडची धूळ फुप्फुसाला वाईट, आणि गाडीवरचा पोरगा रुमालसुद्धा बांधत नाही.

आता विक्रेत्याच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. बिटाची फिरकी आमच्याकडूनही जास्त होती. १६५ मिमीचा परीघ सुमारे ५१८ मिमी. मिनिटाला २० फेरे (आरपीएम) आणि १३०० ठोके धरले तर गेज बटण दर ठोक्याला ८ मिमी सरकतं. ऑपरेटरने ४० वर नेलं की तेच १६ मिमी, म्हणजे अख्ख्या बटणाएवढी उडी. ठोक्याने फुटायचा दगड मग बटणाने घासून काढावा लागतो. फुकटची उष्णता. फिरकी कमी केल्यावर पुढच्या बिटात जाळं उशिरा दिसलं. म्हणून बटणं फुटल्याबद्दल आणखी दोन तारे कापणार होतो, त्यातला एक परत दिला.

सिंधुदुर्गात उतरलात तर वरचं बरंच काही उलटं करायचं. मालवण, वेंगुर्ला, कुडाळकडे नीस आणि क्वार्ट्झाइट हे क्वार्ट्झवाले दगड लागतात. कासार्ड्याला सिलिका वाळूच्या खाणी आहेत, त्यावरून अंदाज घ्या. तिथे सापाची कात हा विषयच नाही. गेज बटणं डोळ्यांदेखत सपाट होतात. त्याहून वाईट म्हणजे बटणाभोवतीचं पोलाद चुऱ्याने धुपतं. बटण भोकात चिकटवलेलं नसतं. भोक काही शतांश मिलिमीटर लहान ठेवून ते दाबून बसवतात. बाजूचं पोलाद गेलं की पकड सुटते आणि अख्खं बटण बोअरमध्ये पडतं. पुढे त्या पडलेल्या बटणावरच बाकीची बटणं फुटतात. बॉडी निकेल-क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाची, उष्णता-उपचार केलेली. आमच्या बिटाची बॉडी उत्तम निघाली, तिला पूर्ण गुण. अशा दगडात व्यास कमी झालेल्या बिटाने अर्धा बोअर मारून खाली नवं बिट सोडू नका. ते वरच्या अरुंद भागात अडकतं, आणि मग बिट, हॅमर, बोअर तिन्ही जातात.

फूट व्हॉल्व्हबद्दल एकच वाक्य: वीसेक किलोच्या पोलादी बिटाच्या शँकच्या टोकावर बोटभर प्लॅस्टिकची नळी, ती तुटली की हॅमर गप्प, आणि सुटी नळी तालुक्याला मिळत नाही, म्हणून बिट घेतानाच दोन जास्तीच्या मागून घ्या. पावसाळ्यात गाडी उभी करताना शँकला ग्रीस चोपडा. खाऱ्या हवेने पडलेल्या गंजाच्या खड्ड्यातूनच पुढे शँकला चीर जाते.

एक गैरसमज. बटण चुंबकाला ओढलं गेलं म्हणजे लोखंडाची भेसळ, असं छातीठोक सांगतात. कोबाल्ट स्वतःच चुंबकीय आहे, ओढलं जाणारच. तपासायचं तर फुटलेलं बटण सोनाराच्या काट्यावर आधी हवेत आणि मग दोऱ्याने पाण्यात लटकवून तोला. पाण्यात वजन जेवढं घटलं, त्याने हवेतल्या वजनाला भागा. १४.९ च्या आसपास आलं तर कोबाल्ट ६ टक्क्यांजवळ, १४.५ आलं तर १० कडे, १४ आलं तर १५ कडे. आमचं १४.९ आलं. म्हणजे कडक आणि न झिजणारा माल. तो वेंगुर्ल्यात शोभला असता.

तर बेसाल्टसाठी पुन्हा हेच घेणार का? याच कंपनीचं, पण जाड दाण्याचं, जास्त कोबाल्टचं बटण मिळालं तर घेऊ, आणि डायमंड कपचा खर्च पहिल्याच दिवशी किमतीत धरू. तोवर तीन तारे.

मेलेलं बिट भंगारात अख्खं देऊ नका. त्यात पाऊण-एक किलो कार्बाइड असतं आणि भंगारवाला ते लोखंडाच्या भावात तोलतो. बॉडी कापून बटणं वेगळी काढा आणि कार्बाइड घेणाऱ्याकडेच द्या. आमची सतरा बटणं सध्या डालड्याच्या डब्यात आहेत, फुटलेल्या दोघांसकट.