साल्मोनेलाच्या जीनोमसाठी मिनआयन आणि रॅपिड बारकोडिंग किट

कोंबडीच्या मांसातून माणसात येणाऱ्या साल्मोनेला जिवाणूचा सुमारे ४८ लाख बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) जीनोम छोट्या प्रयोगशाळेत वाचायचा असेल, तर मिनआयन हे डीएनए वाचणारं छोटं यंत्र, त्यात बसणारी आर१०.४.१ फ्लो सेल (सूक्ष्म छिद्रांची चिप) आणि २४ बारकोडचं (नमुने ओळखायच्या डीएनए-खुणांचं) हे रॅपिड किट खरंच कामाचं आहे. नमुन्यामागे २०० नॅनोग्रॅम डीएनए, ३० अंशांवर २ मिनिटं, मग ८० अंशांवर २ मिनिटं, की बारकोड लागला. डीएनए मात्र क्युबिटवरच मोजा, तो डीएनएला चिकटणाऱ्या रंगाच्या चमकेवरून मोजतो. प्रकाशशोषणावरून मोजणारा नॅनोड्रॉप आरएनएही धरतो, आकडा फुगतो आणि त्या नमुन्याचे रीड (वाचलेले डीएनए-तुकडे) कमी पडतात.

फ्लो सेल भरताना हात स्थिर हवा. प्रायमिंग पोर्टमधून (बफर भरायच्या तोंडातून) आधी थोडा बफर मागे ओढून बुडबुडा काढा. हवा आत गेली की तिथले पोअर (डीएनए वाचणारी छिद्रं) कायमचे बाद.

किंमत वसूल होते ती लांब रीडमुळे. प्रतिजैविकाला दाद न देणारं जनुक गुणसूत्रावर आहे की प्लाझ्मिडवर (गुणसूत्राबाहेरच्या वेगळ्या डीएनएवर), हे स्वच्छ दिसतं. लिगेशन किटमध्ये (डीएनएच्या टोकांना जोडणी करणाऱ्या दुसऱ्या किटमध्ये) निसटणारे छोटे गोल प्लाझ्मिडही इथे बरेचदा हाती लागतात.

मोठी उणीव मिथायलेशनची, म्हणजे बेसवर लागलेल्या मिथाइल गटांची. जिवाणूच्या काही स्ट्रेनमध्ये (उपप्रकारांत) त्यामुळे बेस चुकतात आणि एकाच साथीतले नमुने उगाच वेगळे दिसतात. सर्वाधिक अचूकतेचं बेसकॉलिंग (यंत्राच्या सिग्नलवरून बेस ओळखणं) आणि मेडाका या चुका सुधारणाऱ्या सॉफ्टवेअरचं जिवाणूंसाठीचं मॉडेल वापरा. निर्णय दोन-चार एसएनपींवर (एकेका बेसच्या फरकांवर) अडला, तर तेच नमुने इल्युमिना या छोटे रीड देणाऱ्या यंत्रावर पडताळा.