मॉन्टेसरी वर्गातले आठ महिने : बडोद्यातील एका पालकाचा अनुभव

गेल्या जूनमध्ये मुलगी साडेतीन वर्षांची असताना आम्ही तिला दांडिया बाजारातल्या आमच्या घराजवळच्या एका मॉन्टेसरी वर्गात घातले. आता फेब्रुवारी संपत आला आहे. प्रवेश घेताना मी फक्त शिक्षिका कशा आहेत ते पाहिले. आज वाटते की आधी खोली नीट पाहायला हवी होती, कारण या पद्धतीत शिकवण्याचे बरेचसे काम मांडणीच करते.

खोलीतली फडताळे मुलांच्या छातीपेक्षा उंच नाहीत, आणि प्रत्येक साधन एकच आहे. गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे, सर्वांत लहान १ सेंटीमीटरचा आणि मोठा १० सेंटीमीटरचा, पण मनोरा एकच. फी पाहता मला हा प्रथम कंजूषपणा वाटला. मनोरा दुसऱ्याच्या चटईवर असेल तर आपण थांबायचे किंवा दुसरे काम घ्यायचे, हे मात्र मुलगी पहिल्या महिन्यातच कोणी न सांगता शिकली. तीन ते सहा वर्षांची मुले एकत्र बसत असल्याने थांबलेले मूल बहुधा मोठ्यांचे काम पाहत उभे राहते. सोनेरी मण्यांची दहाची सळई (तारेत ओवलेले दहा मणी) आणि अशा दहा सळयांचा शंभराचा चौरस तिला असेच पाहून ओळखता येऊ लागले.

ऑगस्टमध्ये पालकांना वर्गात कोपऱ्यात बसू दिले होते. मुलीने दट्ट्यांची पेटी घेतली : लाकडी ठोकळ्यात दहा घरे, त्यांत बसणारे क्रमाने बारीक होत जाणारे दहा दट्टे, आणि प्रत्येकावर तीन बोटांत धरायची मूठ, ज्यामुळे पुढे पेन्सिल धरण्याची पकड तयार होते. शेवटी तिच्या हातात एक जाड दट्ट्या उरला आणि घर उरले बारीक. माझा हात आपोआप पुढे झाला होता. बेन (शिक्षिकेला इथे असेच म्हणतात) मात्र दुरून पाहत राहिल्या. मुलीने दट्ट्या तीनदा दाबून पाहिला, मग सगळे दट्टे काढून चटईवर ओळीने मांडले आणि पुन्हा सुरुवात केली. चूक आहे हे तिला पेटीने सांगितले, माणसाने नाही, म्हणून रडारडही झाली नाही.

तक्रारीची गोष्टही याच पेटीची. दिवाळीनंतर तिच्यातला मधला एक दट्ट्या हरवला आणि पेटी कित्येक आठवडे तशीच फडताळात राहिली. एक दट्ट्या नसला की त्याहून बारीक दट्टे एकेक घर सरकवूनही बसतात, एक घर तसेही रिकामेच राहायचे असते, आणि चूक मुलाला दिसतच नाही. मी हे बेनना दोनदा सांगितले. ‘मुले तरीही खेळतात’ असे उत्तर मिळाले. त्यांच्याकडून मला हे अपेक्षित नव्हते. शिवाय सलग तीन तासांचा कामाचा वेळ माहितीपत्रकात असला तरी व्हॅनच्या वेळा आणि नवरात्रातल्या गरब्याच्या तालमी यांत तो अनेकदा दीड तासावर येतो, आणि मूल रंगात येते तेव्हाच आवराआवर सुरू होते.

सासूबाई या वर्गाला बालमंदिरच म्हणतात. शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला मॉन्टेसरी पद्धतीचे बालमंदिर सुरू केले आणि पुढे ताराबाई मोडक तिथे त्यांच्यासोबत काम करू लागल्या, त्यामुळे गुजरातेतल्या मराठी घरांत हा शब्द परका नाही. ‘आज काय शिकवलं?’ या सासूबाईंच्या रोजच्या प्रश्नाला मुलगी ‘पाणी ओतलं’ असे सांगे, आणि दोन महिने त्यांना ते फसवणुकीचे वाटत होते. आता ती जेवताना सगळ्यांच्या पेल्यांत पाणी ओतते. सांडले तर स्वतः फडके आणते. आम्ही फक्त फडके तिच्या हाताला येईल अशा खालच्या खुंटीवर टांगले.

खरखरीत अक्षरे तिथे गुजराती आहेत. देवनागरीसाठी मी पॉलिश पेपर कापून पुठ्ठ्यावर चिकटवले. ग, त, म गिरवताना ती आधी अक्षर पुरे करते, मग गुजरातीत नसलेली वरची रेघ ओढते आणि म्हणते, ‘आता मराठी झालं.’

पुढचे वर्ष याच वर्गात काढायचे ठरवले आहे, कारण मिश्र वयाच्या गटात आता मोठे होण्याची पाळी तिची आहे. फी भरण्याआधी मात्र मी फडताळातली प्रत्येक पेटी उघडून मोजणार आहे.